लास्त्रेचा वाकडा अर्थ

३ तारीख, सोमवार

बाईंनी आज दोन वह्या आणून दिल्या. एक कप्तानची. काय खाल्लं, किती पाणी प्यायले, लघवीला किती वेळा, गोळ्या कधी, सगळं त्यात लिहायचं. दुसरी जास्तीची, पहिली भरली की घ्यायला. पहिली भरायला चार महिने लागतील. एवढे दिवस मी एका जागी टिकलोय असं अजून झालेलं नाही, म्हणून दुसरी मीच सुरू केली. सातवीत शाळा सुटली त्यानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय. बोटं दुखायला लागली.

कप्तान म्हणजे मी ज्यांना सांभाळतो ते म्हातारबा. बाई म्हणजे त्यांची लेक, दुसऱ्या शहरात असते, आठवड्याला येते. कप्तान खरे कप्तान नव्हतेच. मालवाहू जहाजात कुठला माल कुठे रचायचा ते ठरवायचे. पहिल्या दिवशी मी कप्तान म्हणालो, त्यांनी तीनदा नाही म्हणून सांगितलं, मग नाद सोडला. वर्षापूर्वी झटका आला, उजवा हात-पाय गेला. डोकं शाबूत आहे, पण शब्द तोंडाशी येऊन अडकतो. त्यांना स्पॅनिश शब्द आठवत नाहीत, मला ते माहीतच नाहीत. जोडी झकास जमलीय.

या देशात आल्यापासून हे माझं सहावं काम. बेकरी, पॅकिंग, गाड्या धुणं, गोदाम, हॉटेलातली भांडी, आणि आता हे. कुणी काढलं नाही, पाचही मीच सोडली. अक्का म्हणते, तुझ्या बुडाला भिंगरी आहे. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, तिला बोलायचा हक्क आहे.

बाईंनी जाताना महत्त्वाचं सांगितलं. २५ तारखेला तपासनीस येणार. ती कप्तानना प्रश्न विचारणार. पास झाले तर ते याच घरात राहू शकतात, आणि मग मला वर्षभरासाठी सही करावी लागेल. नापास झाले तर देखरेखीच्या घरात जायचं, आणि हे घर बंद.

वर्षभर! ऐकूनच मानेला रग लागली.

५ तारीख, बुधवार

मी नवा शब्द ऐकला की तळहातावर पेनाने लिहितो. आपल्याच अक्षरात. संध्याकाळी कप्तानना विचारतो, मग हात धुतो. आज थर्मास विसळत होतो, बाई स्वयंपाकघरात नवऱ्याशी फोनवर बोलत होत्या. एक शब्द दोनदा आला. लास्त्रे. लिहून घेतला.

कप्तानना विचारलं, लास्त्रे म्हणजे काय?

"कुठे ऐकलास?"

"स्वयंपाकघरात. बाई फोनवर म्हणत होत्या."

कप्तान इतका वेळ गप्प बसले की मला वाटलं शब्द अडकला. मी नेहमीसारखी टेबलावर तीन टिचक्या मारल्या, त्याने कधी कधी सुटतो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मग म्हणाले, टब आण. पाणी. माशाचा रिकामा डबा. चमचे.

डबा पाण्यात सोडला. डाव्या हाताच्या बोटाने जरा ढकलला, की पालथा. पुन्हा सरळ केला, आत चार चमचे आडवे ठेवले. आता ढकलला तर डबा नुसता डोलला आणि उभा राहिला.

"माल नसला की जहाज हलकं," ते म्हणाले. "हलकं जहाज वाईट. वारा कुठेही नेतो, लाट आडवं करते. म्हणून पोटात वजन भरायचं. दगड, वाळू, पाणी. त्याचा दुसरा काही उपयोग नाही, पण ते आहे म्हणून जहाज उभं. ते लास्त्रे."

"आणि माल आला की?"

"काढून टाकायचं. मालाला जागा नको का?"

एवढं सांगायला त्यांना पाऊण तास लागला. इथे सहा ओळींत उरकलं. शेवटी दोघांनाही घाम.

तुमच्या भाषेत काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे समुद्रच नाही, पण माझ्या मामाचा टेम्पो आहे. रिकामा असला की वाऱ्यात मागून उडतो, म्हणून मामा दोन वाळूची पोती टाकून ठेवतो. कप्तान एवढे खूश झाले की डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. "तुझा मामा जहाजावर हवा होता!"

मग म्हणाले, या शब्दाला अजून एक अर्थ आहे. बोटाने हवेत सरळ रेघ मारली, हा सांगितला तो. मग रेघ वळवून वळवून मारली, हा दुसरा. वाकडा. तो नंतर.

७ तारीख, शुक्रवार

चाचणीत काय काय विचारतात त्याचा कागद बाईंनी पाठवला. तारीख, वार, मजला कितवा, शंभरातून सात सात वजा करा. शेवटचा भाग कप्तानना जड जातो. तपासनीस एक शब्द देणार, त्याचा सरळ अर्थ सांगायचा आणि मग वाकडा. किल्ली म्हणजे दार उघडायची वस्तू, आणि कामाची किल्ली म्हणजे युक्ती. पूल, मूळ, उजेड, काटा, असे वीस शब्द नमुन्याला दिलेत.

अभ्यास करून घ्यायची मला एकच रीत येते, घोकंपट्टी. आमचे मास्तर पुढे उभे राहून म्हणायचे आणि वर्ग मागून ओरडायचा. मी आज तेच सुरू केलं. "म्हणा माझ्यामागून. किल्ली! दार उघडायची! किल्ली! युक्ती!"

"मला ठाऊक आहे किल्ली म्हणजे काय," कप्तान म्हणाले. "तोंडातून निघत नाही एवढंच."

"म्हणूनच म्हणायचं. ठाऊक असायची गरजच नाही. मी सगळ्या कविता अशाच पाठ केल्या, एकीचाही अर्थ ठाऊक नव्हता."

"आणि पास झालास?"

"नाही."

हसता हसता त्यांना ठसका लागला. पाठीवर चोळावं लागलं. तरी दुपारपर्यंत सहा शब्द झाले.

९ तारीख, रविवार

औषधं आणायला गेलो होतो. दुकानातल्या बाईला थोडी फुरसत दिसली म्हणून सहज विचारलं, लास्त्रेचा दुसरा अर्थ काय हो? तिने गोळ्या मोजता मोजता सांगितलं. माणसाबद्दल म्हणतात, ज्याला ओढत न्यावं लागतं, ज्याच्यामुळे आपल्याला पुढे सरकता येत नाही असा माणूस.

मी बाहेर येऊन पायरीवरच बसलो. म्हणजे बाई फोनवर कुणाला म्हणत होत्या? आणि मी शहाणा जाऊन कुणाला विचारलं? तुमच्या लेकीने तुम्हाला काय म्हटलं त्याचा अर्थ सांगा, असं! आणि त्यांनी टब मागवून, डबा तरंगवून मला समजावून सांगितलं. 

घरी येऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, माफ करा. मला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता.

"कोणी सांगितला?"

"औषधवालीने."

"बरोबर सांगितला का?"

सांगितला तसा म्हणून दाखवला. त्यांनी मास्तरासारखी मान हलवली. "बरोबर. चांगली बाई आहे." मग म्हणाले, "थकला माणूस की असं बोलतो. तिला दोन तासांचा प्रवास आहे, घरी दोन मुलं. तू सरळ अर्थ आधी शिकलास ना? मग झालं."

वर पुन्हा तेच, तुमच्याकडे याला काय म्हणतात? मी म्हटलं, लोढणं. जनावर फार उधळायला लागलं, रानात पळायला लागलं, की त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात. धावलं की तो पायावर आपटतो. तेही वाकडं करून माणसाबद्दल म्हणतात, गळ्यातलं लोढणं.

कप्तानना हा शब्द फार आवडला. लोदना, लोदना करत बसले. ढ काही त्यांना जमत नाही. मी म्हटलं, जीभ मागे दुमडा. त्यांनी दुमडली, कवळी सुटून वाटीत पडली. दोघं इतके हसलो की शेजारणीने भिंत वाजवली.

१३ तारीख, गुरुवार

तीन दिवस वहीला हात लावला नाही. अंग नुसतं मोडून आलंय. कप्तानना आंघोळ घालायची म्हणजे पासष्ट किलोचं ओलं माणूस टबाच्या काठावरून आत आणि काठावरून बाहेर. ते स्वतः उठायचा प्रयत्न करतात, त्याने जास्तच जड होतात. मंगळवारी दोनदा चादर बदलली, बुधवारी तीनदा. जिन्याखालच्या खोलीत माझी खाट आणि इस्त्रीचं टेबल, मध्ये वळायलाही जागा नाही. पाठ टेकली की घंटी वाजते. घंटी नाही वाजली तर का वाजली नाही म्हणून उठून बघून येतो.

ढापण्याचा फोन आला. ढापण्या माझ्यासोबत गोदामात होता, आपलाच माणूस, जाड भिंगाचा चष्मा. आता बंदराच्या गावी मोठ्या शीतगृहात लागलाय.

"काय रे, म्हाताऱ्याची आया झालास म्हणे?"

"तू फोन कशाला केलास ते सांग."

"एक जागा आहे. एक तारखेपासून. माल उचलायची गाडी चालवायला शिकवतात. हातात स्टिअरिंग, लेका! कुणाचं ढुंगण धुवायचं नाही. पण एक तारीख म्हणजे एकच तारीख. नंतर आलास तर मी ओळख दाखवणार नाही."

तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. सरळ गणित आहे. कप्तान पास झाले तर मी वर्षभर इथेच. नापास झाले तर एक तारखेला मोकळा. मग मी त्यांच्याकडून दिवसभर घोकून कशाला घेतोय?  कदाचित एवढंच असेल, की माझ्या हातून कोणीतरी एकदा पास व्हावं.

आज तेरा शब्द झाले.

१६ तारीख, रविवार

अक्काला फोन केला. कप्तान खिडकीपाशी खुर्चीत बसून कपड्यांचे चिमटे डब्याच्या काठाला लावत होते, डाव्या हाताचा व्यायाम. मी तिथेच जमिनीवर धुणं घडी करत बोलत होतो. आपल्या भाषेत बोलायचं म्हणजे उठून बाहेर जायची गरज नसते, हा या देशातला एकच आराम.

अक्का म्हणाली, "आवाज का असा? जेवतोस ना वेळेवर?"

झालं. तिने जेवणाचं विचारलं आणि माझा बांध फुटला. म्हणालो, अक्का, मी कंटाळलो. झोप नाही, सुट्टी नाही. ढापण्या तिकडे बोलावतोय, चांगलं काम आहे, पण मी जाऊ कसा? हा म्हातारा पास झाला की माझं वर्ष गेलं. गळ्यात लोढणं अडकलंय नुसतं. काढता येत नाही आणि ओढवत नाही.

"असं बोलू नये रे," अक्का म्हणाली. "म्हातारं माणूस आहे."

"त्याला कुठे कळतंय? मी मराठीत बोलतोय."

"तू पाच कामं सोडलीस तेव्हा मला नाही विचारलंस. आता विचारतोयस म्हणजे तुला ते सोडायचं नाहीये, भिरभिऱ्या."

तिला काय जातंय म्हणायला. तिला वाटतं मी अजून आठ वर्षांचा आहे.

फोन ठेवला तेव्हा घर एकदम शांत होतं. बघितलं तर कप्ताननी चिमटे लावायचे थांबवले होते. डबा मांडीवर तसाच. मला वाटलं हात दुखला.

"कोण होतं?"

"बहीण."

"तुझी काळजी करते?"

"फार."

"चांगलं," म्हणाले. मग सूप नको म्हणाले, लवकर झोपायचंय. वहीत लिहिलं: भूक कमी.

१८ तारीख, मंगळवार

भूक आली परत. अभ्यास तर असा सुरू आहे की विचारू नका. वीसच्या वीस शब्द झाले, सरळ आणि वाकडे. आता मी म्हणायच्या आधीच म्हणतात. शब्द अडकतो, पण एक-दोन टिचक्यांत सुटतो. मी म्हटलं, कप्तान, तुम्ही माझ्यासारखे नाही, तुम्ही हुशार विद्यार्थी. ते म्हणाले, मास्तर चांगला आहे.

मध्येच त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या मित्राच्या गावी समुद्र आहे का?"

मी म्हटलं, आहे, बंदर आहे मोठं. मग एकदम लक्षात आलं, ढापण्याबद्दल मी यांना बोललो कधी? बोललो असेन, गोदामाचे किस्से सांगताना, तो दुसऱ्या गावी गेला तेही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

"बंदर चांगलं," ते म्हणाले. "तरुण माणसाने बंदरात राहावं. तिथे सगळं हलत असतं."

२२ तारीख, शनिवार

बाई आल्या. वडिलांची नखं कापली, मान खाली घालून, एक एक बोट धरून. कप्तान लेकीच्या केसांकडे बघत होते. बाईंचे बरेच केस पांढरे झालेत, मला आजच दिसलं.

नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "तयारी कशी आहे त्यांची?"

म्हटलं, पैकीच्या पैकी.

त्यांनी ओट्याला टेकून डोळे मिटले. आनंद झाला की धसका बसला, मला कळलं नाही. "ते पास झाले तर मला चांगलंच वाटेल," म्हणाल्या. "पण खरं सांगू? फोन वाजला की मी हातातलं सगळं टाकून धावते. रोज. काम करताना, मुलांना आणताना, रोज. ते पडले असतील, तू निघून गेला असशील."

"मी असा न सांगता नाही जाणार," मी म्हटलं.

"सांगून जाशील?"

यावर मी भांडं घासायला घेतलं.

बोलताना दार उघडं होतं. कप्तान आत पेपर वाचत होते, पान एकदाही उलटलं नाही. एकच पान एवढा वेळ वाचतात हल्ली.

२४ तारीख, सोमवार

सकाळी शेवटची उजळणी. मी तपासनीस झालो, खुर्ची ओढून पाय एकावर एक टाकून बसलो. एकही चुकला नाही. काटा, सरळ, वाकडा. मूळ, सरळ, वाकडा. मग मी मुद्दाम यादीबाहेरचं विचारलं, शिडी. त्यांनी सांगितलं, भिंतीला लावतात ती, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन वर जाणाऱ्याला तो खांदाही शिडीच. टिचकीसुद्धा लागली नाही!

मी उडीच मारली. म्हटलं, उद्या असंच बोला, बास.

दुपारी दाढी करून घेतली. कोट काढायला सांगितला, ब्रश मारला. मग म्हणाले, माझे हे चामडी बूट तुला होतात का बघ. मी म्हटलं, तुमचे बूट मला कशाला? ते म्हणाले, बघ तर. झाले बरोबर. मी परत कपाटात ठेवले.

मी सही करणार. ठरवलं. ढापण्याला उद्या कळवतो. एक वर्ष काय, डोळे मिटून जाईल.

२५ तारीख, मंगळवार

काय लिहू.

तपासनीस अकराला आली. साधीच होती, हातात फाइल, चष्मा गळ्यात. कप्तान कोट घालून, बाई त्यांच्या बाजूला. मला दाराजवळ स्टुलावर बसायची परवानगी मिळाली, मध्ये बोलायची नाही.

तारीख, वार, मजला, सगळं बरोबर. वजाबाकीत एकदा चुकले, तेवढं चालतं असं कागदावर लिहिलंय. मग शब्द.

"किल्ली म्हणजे काय?"

"दार उघडतात ती."

"आणि कुणी म्हणालं, मेहनत ही यशाची किल्ली आहे, तर?"

"किल्ली," कप्तान म्हणाले. "दार उघडतात ती."

मला वाटलं घाबरले. मी गुडघ्यावर तीन टिचक्या मारल्या, त्यांना दिसेल अशा. त्यांनी बघितलं नाही.

पूल. नदीवरचा. आणि? नदीवरचा. मूळ. झाडाचं. आणि? झाडाचं. काटा, गुलाबाचा. एक एक शब्द मला पाठ, ओठ आपोआप हलत होते. सातवीत पेपर समोर आला तेव्हा माझं असंच झालं होतं, पण मला येतच नव्हतं. यांना काल येत होतं!

तपासनीस भली होती. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, आजोबा, तुम्हीच एखादा शब्द निवडा. तुमच्या कामातला.

कप्तान म्हणाले, "लास्त्रे."

बाईंची मान झटकन वर झाली.

"छान. म्हणजे काय?"

"जहाजाच्या पोटात ठेवतात ते वजन. जहाज उभं राहावं म्हणून." किती सुरेख सांगितलं. एकदाही अडकले नाहीत.

"आणि माणसाबद्दल म्हटलं तर?"

ते लेकीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी म्हणत होतो, सांगा ना, औषधवालीचा, वाकडा!

"माणसाबद्दल असं कोणी म्हणत नाही," कप्तान म्हणाले.

तपासनिसाने लिहून घेतलं. बाई उठून न्हाणीघरात गेल्या आणि नळ बराच वेळ चालू होता. एवढा वेळ हात कोण धुतं.

तपासनीस गेल्यावर मी भडकलो. बोलायला नको होतं ते बोललो. "काल सगळं येत होतं! शिडीसुद्धा! एक, एक तरी बोलायचं!" कप्तान कोटाची बटणं डाव्या हाताने काढत होते. मला मदत करू दिली नाही. म्हणाले, "ऐन वेळी गेलं डोक्यातून. म्हातारपण." आणि मग, "तू तुझ्या मित्राला फोन कर."

चूक माझी आहे. घोकंपट्टीने असंच होतं. तोंडात असतं, वेळेला पळून जातं. मला शिकवायचं काम द्यायलाच नको होतं.

२६ तारीख, बुधवार

ढापण्याला कळवलं, येतो. तो म्हणाला, वा रे पठ्ठ्या. मला काहीच वाटलं नाही. दुपारभर झोपलो. या कामाला लागल्यापासून पहिल्यांदा दुपारी सलग दोन तास झोपलो, आणि उठलो तर अंग जास्तच आंबलं होतं.

२९ तारीख, शनिवार

कप्तानना पोचवलं. पहिला मजला, खोली स्वच्छ, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. बाईंनी कपाट लावलं, मी खाटेची उंची ठरवून दिली, त्यांना डावीकडून उतरता येईल अशी. तिथल्या मुलीला सगळं सांगितलं. सूप फार गरम नको, उठवताना काखेत हात घालायचा, दंड ओढायचा नाही. तिने ऐकून घेतलं. रोज नवीन माणसं येतात, तिला काय लक्षात राहणार. मग कागदावर लिहून खाटेच्या दांडीला बांधलं.

निघताना कप्तान म्हणाले, "बूट घेतलेस?"

घेतले नव्हते. परत घरी जाऊन घेतले.

३१ तारीख, सोमवार, स्टेशन

गाडी चार दहाची होती. सामान एकच बॅग, पायात कप्तानचे बूट, म्हणून जाताना वाटेत त्यांना भेटून जावं असं ठरवलं. तीन वाजता पोचलो.

मला वाटलं होतं खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले असतील. जेवणाच्या हॉलमध्ये होते. चार म्हाताऱ्यांच्या टेबलावर मधोमध, आणि सगळे हसत होते. मी दाराशीच थांबलो. ट्रे उचलणारी मुलगी, तीच परवाची, मला म्हणाली, "हे तुमचे ना? दोन दिवसांत सगळ्यांना नावं ठेवलीत. ती मोठ्याने बोलणारी आजी म्हणजे भोंगा. तो दिवसभर झोपणारा, नांगर. मी दार बंद करते म्हणून मला कुलूप म्हणतात. हॉल हसून हसून बेजार."

"असं म्हणतात? माणसांना?"

"मग काय तर. आल्यापासून जीभ एकदा अडकलेली नाही. म्हणजे अडकते, पण थांबत नाहीत."

मी जाऊन समोर बसलो. राग आला होता, पण कुणावर ते ठरत नव्हतं. म्हटलं, "कप्तान, भोंगा, नांगर, कुलूप. हे त्या दिवशी कुठे गेलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे अगदी सरळ बघितलं. "त्या दिवशी आठवलं नाही."

"आणि मी? मला काय नाव ठेवलंत?"

टेबलावरचा पावाचा चुरा ते डाव्या हाताने गोळा करत होते. सगळा गोळा करून झाला. "तुझी गाडी कितीची?"

"चार दहाची."

"मग ऊठ. बूट चावतात का?"

"नाही."

"ऊठ मग."

उठलो. दारातून वळून बघितलं तर त्यांनी पाठ फिरवली होती, नांगराच्या कानात काहीतरी सांगत होते आणि नांगर झोपेतच हसत होता. बरं वाटायला हवं होतं. माणूस मजेत आहे, लेक मजेत आहे, मी मोकळा. सगळ्यांचं भलं झालं. मग छातीवर कुणीतरी बसल्यासारखं का होतंय? दगदग फार झाली, तीच असणार.

चालताना उगाच आठवत होतं. त्या रविवारी चिमटे थांबले ते. सूप नको म्हणाले ते. समुद्र आहे का विचारलं ते. कशाचा कशाला मेळ लागत नाही. माझं डोकं असल्या गोष्टींत चालतच नाही, नाहीतर सातवी पास झालो असतो.

स्टेशनात तीन पन्नासला पोचलो. बाकावर बसलो. गाडी वेळेवर आली, दारं उघडली, माणसं उतरली, माणसं चढली. मी उठणारच होतो. पाय इतके भरून आले होते की म्हटलं, अजून एक मिनिट. दारं लागली.

आता पुढची गाडी सहा चाळीसला. ती गाठली तरी उद्या सकाळी बंदरावर वेळेत पोचतो, ढापण्याला कळायचंही नाही.

घड्याळात चार पंचवीस झालेत. तिकडे भेटायची वेळ सहापर्यंत असते, आणि इथून चालत वीस मिनिटं.